नुसती पेज

आमच्या तनूला शुगर निघाली तेव्हा घरात सगळ्यात कमी घाबरलेली मी होते. कारण मला वाटलं, हा आजार आपल्या ओळखीचा आहे. माझे मालक शुगरनंच गेले. त्यांच्यासाठी मी कित्येक वर्षं कारली चिरली, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, बिनसाखरेचा चहा केला, आणि ते चोरून पेढा खाताना सापडले की भांडलेही. आठ वर्षांच्या पोरीला म्हाताऱ्यांचा आजार कसा झाला, एवढंच नवल वाटत होतं. पुढे कळलं की त्यांची शुगर वेगळी आणि हिची वेगळी. नाव तेवढं एक आहे.

ज्यांच्या नातवंडाला हे नुकतंच निघालंय आणि ज्यांच्या हातात घरची चूल आहे, अशा आज्यांसाठी मी हे लिहिते आहे. डॉक्टरी माहिती डॉक्टरांकडूनच घ्या, मला त्यातलं फार कळत नाही. या आजारात स्वयंपाकघरात काय होतं आणि घरची माणसं एकमेकांशी कशी वागतात, ते मला सांगता येईल. लिहिताना मला राग येतो. तो तुम्हाला दिसला तर दिसू दे.

माझं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. लग्न होऊन पनवेलजवळच्या कोन गावात आले. पुढे कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागे मी खानावळ चालवली. ट्रकवाले, हमाल, दुकानांतले कारकून, सगळे माझ्याकडे जेवायचे. भात, मासळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. तिथे मी कधी मापाला वाटी घेतली नाही. मूठ हेच माप, आणि माझ्या मुठीनं कधी कुणाला उपाशी उठवलं नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा खानावळ बंद केली आणि पनवेलला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. मुलगा प्रशांत उरणच्या बंदरात नोकरीला आहे. सून रुपाली साताऱ्याकडची, ती इथे एका ऑफिसात जाते. तनू त्यांची एकुलती एक. ती माझ्याच हातचं खाऊन मोठी झाली, म्हणून पुढे जे झालं ते मला फार लागलं.

* * *

उन्हाळ्याचे दिवस होते. पोर सारखी पाणी पाणी करायची. बाटली संपवायची आणि पुन्हा भरायला उभी. रोडावली होती, पण मला वाटलं उंची वाढतेय. मग गादी ओली करायला लागली. मोठी झालेली मुलगी, लाजेनं रडायची. मी म्हटलं, उष्णता झाली. सब्जा भिजवला, कलिंगड कापलं, रोज कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातला उसाचा रस आणला, पेज पाजली. जितकी तिची तहान वाढली तितकं मी पाजत गेले.

एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखतंय म्हणाली. श्वास असा लागला होता की जणू चार जिने पळत चढून आलीय. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. प्रशांतनं तिला उचललं आणि आम्ही तिघंही तशीच घरच्या कपड्यांवर दवाखान्यात गेलो.

तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाला टोचलं, हातातल्या छोट्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शुगर हाय आहे."

आमच्या आगरी बोलीत हाय म्हणजे आहे. मी म्हटलं, "हाय ते समजलं वो बाई, पन किती हाय?"

त्यांनी मशीन माझ्यासमोर धरलं. त्यावर आकडाच नव्हता. नुसती दोन इंग्रजी अक्षरं.

प्रशांत म्हणाला, "आये, त्यावर हाय लिवलंय. म्हंजे मशीनला मोजताच येत नाय इतकी हाय."

मालकांची शुगर मी किती वेळा बघितली असेल, त्याला गणती नाही. पण मशीननं हात टेकलेले पहिल्यांदाच बघितले. तेव्हा मात्र मी भिंतीला धरून खाली बसले.

* * *

तनूला आत नेलं. दोन्ही हातांना नळ्या लावल्या. आम्हाला एकेकाला थोडा थोडा वेळ आत सोडायचे. ती डोळे मिटून पडलेली असायची आणि मी तिच्या पायांशी उभी राहून देवाशी भांडायची. तिला शुद्ध आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "आजी, मला भूक लागलीय." मी बाहेर येऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हाला बसवून नीट समजावलं. म्हणाल्या, आजारापासून वाचवायला शरीरात राखणदार असतात. तनूच्या राखणदारांनी चुकून तिच्याच शरीरातला एक भाग शत्रू समजून मारला. तोच भाग इन्सुलिन तयार करायचा. आता ते बाहेरून द्यावं लागणार, रोज, कायमचं. "हे कुणाच्या लाडामुळे झालेलं नाही आणि गोड खाऊनही झालेलं नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी म्हटलं, "म्हंजे कुंपणानंच शेत खाल्लं."

त्या म्हणाल्या, "अगदी तेच, आजी."

घरातल्याच माणसानं घात करावा तसा हा आजार. मला तो तेव्हाच नीट कळला. उपयोग मात्र झाला नाही, कारण बाहेर बाकावर माझी धाकटी जाऊ बसली होती. कोनवरून भेटायला आली होती. ती मला ऐकू जाईल अशा बेतानं रुपालीला म्हणाली, "आजीनं लय लाड केलं ना. उसाचा रस काय, कलिंगड काय." डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं रुपालीनंही ऐकलं होतं. 'तसं नसतं हो काकू' एवढं ती म्हणाली असती तर चाललं असतं. ती फरशीकडे बघत राहिली, आणि मी ते मनात ठेवलं.

* * *

दवाखान्यातले दिवस बोटं टोचण्यात गेले. जेवणाआधी टोचायचं, जेवणानंतर टोचायचं. तनू बोटं मुठीत लपवायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला हा आजार दोन वर्षांपासून होता, दुसऱ्याच कशासाठी तरी त्याला आणलं होतं. त्याच्या आईनं दाखवलं की बोटाच्या मध्यावर टोचू नये, कडेला टोचावं, तिथे कमी दुखतं. तेवढ्या एका गोष्टीनं तनूची मूठ उघडली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

इन्सुलिनचं पेन असतं. ते टोचायला आम्हा तिघांनाही शिकवलं, कारण शाळा सकाळची, दुपारी घरी मीच असते. जन्मभर मासे साफ केलेला हात, जिताडा असो की सुरमई, कधी अडला नाही. तो पोरीच्या पोटापाशी येऊन अडला. तनू म्हणाली, "आजी, मी मासा नाय. हळू टोच." नर्सबाई हसल्या, मी हसले आणि हसता हसता टोचून झालंसुद्धा.

आहार सांगणाऱ्या बाई आल्या. कागद-पेन घेऊन बसल्या आणि विचारलं, "दिवसभरात काय काय खाते?" आम्ही तिघांनी आठवून आठवून सांगितलं. सकाळी दूध आणि घावणे, डब्यात पोळी-भाजी, दुपारी भात, कालवण, भाकरी, संध्याकाळी फळ, कधी बिस्किट. शेजारची आजी चॉकलेट देते, तेही प्रशांतनं सांगितलं. काही लपवलं नाही. मग त्या प्रत्येकाचं माप ठरलं. जेवढं माप, तेवढं इन्सुलिन. मी विचारलं की नाचणी तर चालेल ना, शुगरला नाचणी चांगली. त्या म्हणाल्या, नाचणीसुद्धा मोजायची. मालकांना मी 'खावा हवी तेवढी' म्हणून नाचणी वाढत आले होते.

* * *

घरी आलो तर ओट्यावर काटा आला होता. सपाट, काचेचा, वर आकडे उमटणारा. प्रशांतनं तो माझ्या तव्याशेजारी ठेवला. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला तो माझ्या खानावळीचा अपमान वाटला. पन्नासेक माणसांचा भात नजरेनं टाकणाऱ्या बाईला एका पोरीची भाकरी तोलून करायची होती.

पण केली. पहिल्यांदा भाकरी भाजून मग तोलायची. कधी जाड, कधी पातळ, जमेना. मग लक्षात आलं की उकड मळून झाली की गोळेच तोलावेत. तुमच्याकडेही तांदळाची भाकरी होत असेल तर असंच करा, पुढचा वैताग वाचेल. थोड्याच दिवसांत माझा हात इतका बसला की मी गोळा घ्यायची आणि काट्यावर तोच आकडा यायचा. तनू टाळ्या वाजवायची.

भातावर मात्र मी रुसले होते. आमच्या घरात भातावर लग्नं लागली, भातावर बारशी झाली, जमिनी गेल्या तरी घरचा तांदूळ कुठूनतरी आणून खाल्ला. आणि आता तोच भात पोरीच्या पानात चोरासारखा मोजून वाढायचा. विश्वासाच्या माणसानं दगा द्यावा तसं वाटायचं. तांदूळ धुताना मी त्याच्याशी बोलायचीसुद्धा, आणि चांगलं काही बोलायची नाही.

* * *

सकाळची शुगर बरोबर यायची. दुपारी जेवणाआधी बरोबर. रुपाली संध्याकाळी कामावरून आली की बोट टोचायची आणि आकडा वर. रोज वर. कधी थोडा, कधी खूप.

"आई, तनूला दुपारी काही खायला दिलंत का?"

"नाही गं. जेवली तेवढंच."

दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग रोजच. आवाज तोच, पण विचारताना ती माझ्याकडे बघेनाशी झाली. तनूलाही विचारायची, तीही म्हणायची, "नाही, आजीने काही नाही दिलं." एका संध्याकाळी मी तनूला जवळ ओढलं आणि म्हटलं, "हिच्या गळ्याची शपथ. जेवणावर एक दाणा दिला असेल तर." आमच्याकडे अशी शपथ कुणी उगाच घेत नाही. रुपालीलाही ते माहीत होतं. ती डॉक्टरांना फोन करायला आत गेली. डॉक्टरांनी दुपारचा डोस वाढवला.

मग माझ्या भाच्याची हळद आली. मी दिवसभर उरणला गेले आणि रुपालीनं सुट्टी घेतली. मी केलेलं तेच कालवण, तोच भात, तेवढाच तोलून तिनं वाढला. दुपार कलताना तनूला दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले, जीभ जड झाली, आईला ओळखत नसल्यासारखी बघायला लागली. शुगर फार खाली गेली होती. रुपालीनं पाण्यात साखर कालवून चमच्या चमच्यानं पाजली. साखरेपासून वाचवायची ती पोर साखरेनं वाचली.

फोन आला तशी मी हळदीच्या साडीतच धावत घरी आले. तनू सोफ्यावर बसून चित्रं रंगवत होती. रुपालीचे डोळे सुजले होते.

ती म्हणाली, "तुम्ही घरात असता तेव्हा शुगर वर जाते. आज नव्हतात, तर खाली आली. वाढलेला डोस होता तो, आई. माझी मुलगी माझ्या हातात गेली असती."

मी प्रशांतकडे बघितलं. तो म्हणाला, "आये, खरं सांग. तू हळूच कायतरी देतेस ना? मी रागवनार नाय."

'मी रागवनार नाय' म्हणे. लहानपणी हा माझ्या डब्यातले लाडू चोरायचा तेव्हा मी त्याला असंच म्हणायची. माझ्या पोटच्या पोरानं मला माझेच शब्द परत दिले. मी आत जाऊन साडी बदलली आणि भांडी घासायला घेतली.

* * *

दुसऱ्या दिवसापासून तनूचा स्वयंपाक रुपाली पहाटे उठून करायला लागली. दुपारचं डब्यात भरून, तोलून, वर चिठ्ठी लावून ठेवायची. मी फक्त गरम करून द्यायचं. बिस्किटं, गूळ, मनुका, सगळं त्यांच्या खोलीतल्या कपाटात गेलं. "तुम्ही आराम करा आता," असं गोड शब्दांत सांगितलं. शेजारणीला मी सांगितलं की गुडघे दुखतात म्हणून सून करते. खोटं बोलले. घराची अब्रू होती.

मला स्वतःसाठी दुपारी कण्यांची पेज लागते. चिमूटभर मीठ, सोबत भाजलेला सुका बोंबील. माहेरापासूनची सवय. तेवढं भांडं माझं असं ओट्यावर राहिलं. दुपारी झोप झाली की मी आणि तनू गॅलरीत बसायचो. मी एका पेल्यातून पेज प्यायची, ती माझ्याशेजारी दुसऱ्या पेल्यातून. त्या घरात मला आपलं वाटावं असं तेवढंच उरलं होतं.

डॉक्टरांनी दुपारचा डोस पुन्हा कमी केला होता, आणि आकडे पुन्हा वर जायला लागले. आता तर स्वयंपाकही माझा नव्हता.

एका रविवारी प्रशांतनं फ्रीजवर एक पांढरं, मुठीएवढं मशीन बसवलं. मी विचारलं, "ह्ये काय?" म्हणाला, "वायफाय नीट येत नाय ना स्वयंपाकघरात, त्याचं हाय." मी रोज फडक्यानं फ्रीज पुसते, तेव्हा तेही पुसायला लागले. मशीन महाग असतं म्हणून हलक्या हातानं पुसायची.

* * *

पुढच्या रविवारी संध्याकाळी आतल्या खोलीतून त्या दोघांचं भांडण ऐकू आलं. रुपाली म्हणत होती, "तू आईंना पाठीशी घालतोस." प्रशांत म्हणत होता, "अगं आठवडाभर बघतोय ना मी. ती काहीच देत नाही." मला वाटलं, चला, लेकरू माझ्या बाजूनं तरी बोललं. मग रुपाली मोबाइल घेऊन बाहेर आली आणि तो माझ्यासमोर धरला.

त्यात मीच होते. वरून दिसत होते. स्वतःला वरून बघायची कुणाला सवय असते? माझे भांगातले केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा कळलं. मी भांड्यातून दोन पेल्यांत काहीतरी ओतत होते आणि एक पेला तनूच्या हातात देत होते.

"हे काय आहे, आई?"

"पेज."

"रोज देता?"

"रोजच. माझ्याबरोबर पिते ती."

"मग मी रोज विचारते तेव्हा काही दिलं नाही म्हणता. तिच्या गळ्याची शपथ घेतलीत तुम्ही."

"खायला नाय दिलं गं. नुसती पेज पिली ती."

रुपालीनं प्रशांतकडे वळून बघितलं. "आणि तू? तू रोज हेच बघत होतास ना?"

"बगितलं ना," प्रशांत म्हणाला. "पन ती पेजच होती."

"पेज कशाची असते?"

"कण्यांची," मी म्हटलं.

"आणि कण्या कशाच्या असतात?"

आम्ही मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं. कण्या म्हणजे तांदळाचाच चुरा. तेवढ्यात मागून तनू म्हणाली, "आई, पेज खायची नसते. प्यायची असते."

ज्यांचं घर पेजेवर वाढलं नाही त्यांना हे वेडेपण वाटेल, म्हणून सांगते. आमच्याकडे कुणाला विचारलं, जेवलास का, तर तो म्हणतो, "नाय, नुसती पेज पिलो." माझा बाप पहाटे तांब्याभर पेज पिऊन मिठागरावर जायचा आणि दुपारी म्हणायचा, सकाळपासून पोटात काही नाही. आजाऱ्याला, बाळंतिणीला, लेकराला, ज्याला काही खाववत नाही त्याला पेज. तिला जेवणात कुणीच धरत नाही. दवाखान्यातल्या बाईंनी 'काय खाते' विचारलं तेव्हा मी, माझा शिकलेला मुलगा आणि माझी नात, आम्ही तिघांनीही मनापासून खरं सांगितलं होतं. पेज राहिली ती लपवली म्हणून नव्हे. ती आम्हाला खाण्यात दिसलीच नाही. प्रशांतनं तर डोळ्यांनी बघूनही ती बघितली नाही.

रुपाली आधी हसायला लागली आणि मग हसता हसता रडायला लागली. प्रशांतही हसला. तनू हसली कारण सगळे हसत होते.

मी हसले नाही. मी विचारलं, "ह्या मोबाइलात मी कशी आले?"

प्रशांतनं मान खाली घातली. मी फ्रीजवरच्या मशीनकडे बघितलं. त्याला मी रोज पुसत होते.

"आये, तुला वाईट वाटलं असतं म्हणून नाय सांगितलं."

"आनि आता बरं वाटलं?"



* * *

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. "चूक आमची आहे, आजी," म्हणाल्या. "आम्ही फक्त खाते काय ते विचारलं." जेवणाचा डोस आहे तोच ठेवला. पेजेचंही माप बांधून दिलं. आधी इन्सुलिन, मग पेज.

तुम्हाला एवढंच सांगते, की तुमच्या घरात जे जे 'खाणं' समजत नाहीत, ते सगळं एकदा आठवा आणि डॉक्टरांना सांगा. देवापुढचा प्रसाद कुणी खाण्यात धरत नाही. मीठ बघायला दिलेला घास धरत नाही. जाता-येता तोंडात टाकलेले चुरमुरे धरत नाही. इन्सुलिनला यातलं काही कळत नाही, ते सगळं धरतं.

आता माझ्या रागाचं. रुपालीचा संशय मी समजू शकते. तिच्या हातात पोर थंड पडली होती, तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यासारख्या सासूवर संशय घेतला असता. पण 'वायफायचं मशीन' हे मला गिळवत नाही. तोंडावर चोर म्हणा, झडती घ्या, चूल बंद करा. माझ्या मुलानं माझ्या डोळ्यात बघून खोटं सांगितलं आणि मग बंदरातल्या खुर्चीत बसून मला बघत राहिला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. पनवेलच्या फ्लॅटला वासे नसतात, पण फिरायचं ते फिरलंच.

रागानं माहेरी निघून जावं असं वाटलं होतं. या आजारात तीही सोय नाही. दुपारचं इन्सुलिन कोण देणार? मी तिथेच राहिले, आणि बरेच दिवस प्रशांतशी कामापुरतं बोलले. त्यानं ते मशीन दुसऱ्याच दिवशी काढलं. खाली चिकटपट्टीचा डाग राहिलाय. मी तो घासला नाही. चूल माझ्याकडे परत आली, कपाटातला गूळ परत डब्यात आला. रुपालीनं तोंडानं माफी मागितली नाही, पण पहाटे उठून स्वयंपाक करायची थांबली आणि चिठ्ठ्या लावायची थांबली. संध्याकाळी घरी आली की मात्र ती आता विचारते, "आई, काही खायला-प्यायला दिलंत का?" तो एक वाढलेला शब्द मला रोज टोचतो. पण विचारते ते बरोबरच विचारते, म्हणून मी उत्तर देते.

तनूनं मात्र त्या सगळ्याचा खेळ केलाय. स्वतःच बोट टोचते, मशीन माझ्यापासून लपवून धरते. मी विचारते, "शुगर हाय का?" ती म्हणते, "हाय, पन हाय नाय." मग आम्ही दोघी गॅलरीत बसतो, तिचा पेला तोललेला आणि माझा बिनतोललेला.

* * *

गेल्या महिन्यात रुपाली तापानं पडली. अंगात कणकण, तोंडाला चव नाही. प्रशांत कामावर, तनू शाळेत. मी दारात उभी राहून विचारलं, "काय करून देऊ?"

साताऱ्याकडची माझी सून, जिच्या माहेरी पेज कुणी चुलीवर ठेवत नाही. ती पांघरूण डोक्यावर ओढून म्हणाली, "मला काही खायला नको, आई. नुसती पेज द्या."

मी दारातच थांबले. मग म्हटलं, "रुपाली, पेज खाण्यात धरतात."

पांघरुणाखाली ती हलली. हसली की रडली ते मला बाहेरून कळलं नाही. मग आतूनच म्हणाली, "धरा मग. पण द्या."

मी कण्या शिजत घातल्या. मऊ झाल्यावर मीठ टाकलं. फ्रीजवरच्या त्या डागाकडे पाठ करून पेला भरला आणि सवयीनं काट्यावर ठेवला. आकडा उमटला. मग मी पेला उचलला आणि त्यात आणखी एक डाव घातला.